‘अंगावर काढलं’ : क्षेत्रकार्याच्या वहीतले गद्य

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचा पाया कोणता, असे विचारले तर पाठ्यपुस्तकांकडे उत्तर तयार असते. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन ही पद्धतींची त्रयी आणि स्वीकार, गोपनीयता, स्वयंनिर्णय वगैरे तत्त्वांची माळ. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. या शिक्षणाचा खरा पाया मात्र मला दुसऱ्याच ठिकाणी दिसतो, आणि ते ठिकाण वाङ्मयाच्या वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. तो पाया म्हणजे क्षेत्रकार्याहून परतल्यावर विद्यार्थ्याने लिहिलेली नोंद.

ज्यांचा या शिक्षणाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. समाजकार्याचा विद्यार्थी आठवड्यातले काही दिवस वर्गात असतो आणि काही दिवस रुग्णालयात, बालगृहात, कुटुंब सल्ला केंद्रात किंवा एखाद्या वस्तीत. तिथे तो माणसांशी बोलतो. परत आल्यावर आठवून आठवून लिहितो : समोरचा माणूस काय म्हणाला, मी काय विचारले, तो कुठे थांबला, मला त्या वेळी काय वाटले. याला ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ म्हणतात. मराठीत ‘प्रक्रिया नोंद’ म्हणता येईल. मार्गदर्शक ती वाचतो आणि समासात लिहितो : हा प्रश्न इथे का विचारलास? ती गप्प झाली तेव्हा तू विषय का बदललास? मग दोघे बसून त्यावर बोलतात. दोन वर्षे हे चालते. लेखन, वाचन, समासातली टीका आणि पुनर्लेखन असे हे सगळे आहे. साहित्याच्या किती वर्गांत इतके घडते, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

समाजकार्याची पदवी माझ्याकडे नाही. या विषयाची जुनी पुस्तके मी वाचली ती गद्याची वाचक म्हणून. त्या वाचनातून माझे एक मत झाले आहे आणि हा लेख तेवढ्यासाठीच आहे. या वहीत कोणाचे शब्द टिकतात, यावर पुढची सगळी तत्त्वे उभी राहतात किंवा कोसळतात.

१

या नोंदीची वंशावळ अमेरिकेतली आहे. तिच्या मुळाशी असलेली बाई महाविद्यालयात कधी गेली नव्हती, ही गोष्ट पदव्युत्तर शिक्षणाच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही. मेरी रिचमंड (जन्म १८६१) लहानपणीच पोरकी झाली, आजी आणि मावश्यांकडे बाल्टिमोरला वाढली. माध्यमिक शाळा संपली आणि ती कारकुनी व हिशेबनिशी करू लागली. १८८९ मध्ये ती बाल्टिमोरच्या एका दानधर्म संघटनेत साहाय्यक खजिनदार झाली. आठच वर्षांनी, १८९७ साली टोरांटोच्या परिषदेत तिने मागणी केली की या कामासाठी प्रशिक्षणाची शाळा हवी. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. आज कोलंबिया विद्यापीठात असलेली समाजकार्याची शाळा त्या वर्गाला आपला आरंभ मानते.

१९१५ साली या नव्या व्यवसायाला एक धक्का बसला. वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१०च्या अहवालामुळे गाजलेले अब्राहम फ्लेक्सनर यांना परिषदेत विचारण्यात आले होते, समाजकार्य हा व्यवसाय आहे का? अजून नाही, असे त्यांचे उत्तर होते. डॉक्टरकडे, वकिलाकडे स्वतःचे तंत्र असते. समाजकार्यकर्ता गरजूला या दोघांपर्यंत पोचवतो, तो मध्यस्थ आहे, असा त्यांचा रोख होता. हे बोलणे लोकांच्या मनाला फार लागले. १९१७ साली रिचमंडबाईंचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा जाडजूड ग्रंथ आला, तेव्हा आता आपल्याकडेही तंत्र आहे, असे अनेकांना वाटले.

ग्रंथ म्हणून तो आजही वाचनीय आहे, पण आज त्याची ओळख ज्या कारणाने सांगतात त्या कारणाने नव्हे. ‘निदान’ हा शब्द वैद्यकातला, म्हणून पुस्तकावर वैद्यकाची छाया आहे असे म्हटले जाते. प्रत्यक्षात पुस्तकाचा कणा कायद्याचा आहे. माहिती आणि पुरावा यांत फरक काय? डोळ्यांनी पाहिलेले, कोणीतरी सांगितलेले आणि परिस्थितीवरून ताडलेले या तिन्हींची किंमत सारखी कशी धरायची? सांगणाऱ्याने स्वतः पाहिले होते की त्याच्याही कानावर आले होते? आपल्या प्रश्नातच उत्तर दडलेले नव्हते ना? नातेवाईक, डॉक्टर, शाळा, मालक, शेजारी अशा एकेका साक्षीदारावर तिने स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. विद्यापीठाबाहेर स्वतःच्या हिमतीने शिकलेल्या माणसाची एक खूण असते, तो कोणतीही गोष्ट सांगोवांगी मानत नाही. ती खूण या पुस्तकात पानोपानी आहे.

त्याचा दोषही त्याच जागी आहे. पुरावा गोळा करताना समोरचा माणूस हळूहळू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातो. त्याच्याबद्दल इतरांना विचारून खात्री करून घ्यायची सवय लागली की त्याचे बोलणे हा अनेकांतला एक कागद होतो. रिचमंडबाईंना हे जाणवले असावे. १९२२ साली त्यांनी लिहिलेल्या छोट्या पुस्तकात उदाहरणादाखल आधी येतात हेलन केलर आणि त्यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन. जिच्याकडे भाषाच नव्हती अशा मुलीच्या हाताशी बसून भाषा शोधणारी बाई तिथे आदर्श म्हणून येते. पाच वर्षांत न्यायालयातून शिक्षिकेच्या ओसरीवर, एवढा हा प्रवास आहे.

२

नोंद हा स्वतंत्र लेखनप्रकार आहे हे ओळखून त्यावर पुस्तक लिहिले ते एडा एलियट शेफील्ड यांनी, १९२० मध्ये. बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या या बाई म्हणजे कवी टी. एस. एलियट यांची थोरली बहीण. दोघांच्या वयांत जवळजवळ वीस वर्षांचे अंतर. धाकट्या भावाची ‘द वेस्ट लँड’ दोन वर्षांनी आली. तिच्यात दारूच्या गुत्त्यातल्या बायकांचे बोलणे जसेच्या तसे घुसते. या योगायोगावर कोणी सिद्धांत रचू नये. पण एकाच घरातली दोन माणसे, दुसऱ्याचे बोलणे कागदावर कसे आणायचे, या एकाच प्रश्नाशी दोन टोकांनी झगडत होती, एवढे म्हणायला हरकत नाही.

शेफील्ड यांनी नोंदीचे तीन हेतू सांगितले : समोरच्या व्यक्तीला नीट मदत व्हावी, अनेक नोंदींवरून समाजाच्या सुधारणेची दिशा कळावी आणि लिहिता लिहिता लिहिणाऱ्याला चिकित्सक विचाराची सवय लागावी. यातला दुसरा हेतू वाचकांनी लक्षात ठेवावा. लेखाच्या शेवटाकडे मी त्याच्याकडे परत येणार आहे.

१९२८ मध्ये शिकागोचे समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी एका लेखात तक्रार केली की या नोंदींतून माणसे माणसांसारखी भेटत नाहीत. त्यावर त्यांचा उपाय साधा होता : माणसाचे बोलणे त्याच्याच शब्दांत, प्रथमपुरुषी लिहा. १९३६ साली गॉर्डन हॅमिल्टन यांचे नोंदींवरचे पुस्तक आले. आदर्श नोंद अशी काही वस्तू नसते, ज्या माणसाची हकिगत त्या माणसाप्रमाणे नोंदीची घडण बदलते, असे या अनुभवी बाई सांगत होत्या. घडण आशयातून यावी हे आपल्याकडे समीक्षकांनी कथेबद्दल किती वेळा सांगितले आहे!

३

त्याच १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. भारतातली ही अशी पहिली संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनचे, शिकागो विद्यापीठाचे डॉक्टरेट. त्यांनी आधी उभारलेल्या नागपाडा नेबरहूड हाऊसमध्येच शाळा भरू लागली. १९४० मध्ये संस्थेचे इंग्रजी नियतकालिक निघाले, १९४४ मध्ये तिला टाटा समाजविज्ञान संस्था हे आजचे नाव मिळाले आणि १९६४ मध्ये विद्यापीठाचा दर्जा.

महाराष्ट्रात त्याआधी असे काम नव्हते असे मुळीच नाही. गोखल्यांचा भारत सेवक समाज १९०५चा, विठ्ठल रामजी शिंदे यांची निराश्रित साहाय्यकारी मंडळी १९०६ची, ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ची. ही माणसे लोकांत राहून शिकली आणि त्यांतल्या कित्येकांनी मराठीत विपुल लिहिले. नागपाड्याच्या शाळेने नवे आणले ते पद्धतशीर क्षेत्रकार्य, देखरेख आणि नोंद. आणि ही नोंद इंग्रजीत आली.

नागपाडा ही वस्ती मराठी, उर्दू, गुजराती अशा अनेक बोलींची. तिथे दिवसभर ऐकायचे एका भाषेत आणि रात्री लिहायचे दुसऱ्या भाषेत. याचा अर्थ पहिल्या दिवसापासून आपल्याकडचा समाजकार्याचा विद्यार्थी अनुवादक होता. पण त्याला कोणी तसे सांगितले नाही. अनुवाद करतो आहोत हे ज्याला ठाऊक असते तो शब्दापाशी अडतो. ज्याला ठाऊक नसते तो पुढे जातो.

पुढे जाताना काय घडते ते दाखवण्यासाठी मी एक उतारा रचला आहे. तो कोणाच्याही वहीतला नाही. तशी वही छापणे योग्यही ठरणार नाही. महापालिकेच्या रुग्णालयातल्या क्षयरोग विभागात एक बाई विद्यार्थिनीला सांगते आहे, असे समजू :

“सहा महिने खोकला होता, अंगावर काढलं. खाडा झाला की रोज बुडतो ना ताई. आता नवरा नांदवत नाही. भाऊ म्हणे घेऊन जाईल. मला काय कळतंय, तुम्ही म्हणाल तसं करू.”

इंग्रजी नोंदीत हे ज्या रूपाने उतरण्याचा संभव असतो, ते रूप पुन्हा मराठीत आणले तर असे दिसेल :

“अशिलाने सहा महिने उपचारांकडे दुर्लक्ष केले. वैवाहिक विसंवाद आहे. भाऊ आधार द्यायला तयार आहे. अशील स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, कार्यकर्तीवर अवलंबून आहे.”

चार वाक्ये आहेत आणि चारही वरवर बरोबर आहेत. आता एकेक पाहू.

‘अंगावर काढणे’ याला इंग्रजीत सरळ प्रतिशब्द नाही. दुखणे आहे हे कळलेले असते, ते वाढेल हेही कळलेले असते, तरी दुसरे काहीतरी वाचवण्यासाठी माणूस ते स्वतःच्या शरीरावर सोसतो. त्यात हिशेब आहे, आणि काय वाचवले ते ती पुढच्याच वाक्यात सांगते : रोज. ‘दुर्लक्ष’ म्हटले की हा हिशेब पुसला जातो आणि दोष उरतो.

‘नांदवत नाही’ या क्रियापदात कर्ता नवरा आहे. नांदणे बायकोचे, नांदवणे नवऱ्याचे. या प्रयोजक रूपात आपल्या विवाहसंस्थेची अख्खी रचना आहे. ‘वैवाहिक विसंवाद’ म्हटले की दोघे सारखेच भांडखोर होतात. कर्ता नाहीसा झाला की जबाबदारीही नाहीशी होते. टाकलेल्या बायकांच्या प्रश्नावर महाराष्ट्रात चळवळ उभी राहिली ती ‘टाकली’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हे ठणकावून विचारले म्हणून.

तिसरे वाक्य मला सगळ्यांत बोलके वाटते. रिचमंडबाई ज्या फरकासाठी पानेच्या पाने खर्च करतात, प्रत्यक्ष माहिती आणि ऐकीव माहिती यांतला, तो मराठीत दोन अक्षरांत येतो. ‘म्हणे.’ भाऊ घेऊन जाईल, असे ती म्हणत नाही. भाऊ ‘म्हणे’ घेऊन जाईल. हे तिच्या कानावर आले आहे, तिची त्यावर पुरती भिस्त नाही आणि ही शंका ती कोणाला न दुखवता नोंदवते आहे. इंग्रजी नोंदीत ‘म्हणे’ गळाला आणि भाऊ पक्का झाला. त्या भरवशावर तिला रुग्णालयातून घरी पाठवण्याचा बेत आखला जाऊ शकतो. पुराव्याचे शास्त्र शिकवणारा ग्रंथ अभ्यासक्रमात आहे आणि पुराव्याची खूण बाळगणारे अव्यय वहीत शिल्लक नाही, अशी ही अवस्था आहे.

चौथ्या वाक्यात ‘ताई’ गेली. जागतिक रिवाजाप्रमाणे नोंदीत विद्यार्थिनी स्वतःला ‘कार्यकर्ती’ म्हणते. पण त्या बाईने तिला नात्यात घेतले होते, आणि नात्यात घेणे ही आपल्याकडे बोलणे सुरू करण्याची रीत आहे. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे त्या नात्यातले वाक्य आहे. त्यात आदब आहे, अजमावणेही आहे : बघू ही काय म्हणते. डॉक्टरला, सासूला, मुकादमाला हेच वाक्य ऐकवून मग आपल्याला हवे ते करणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ते वाक्य अक्षरशः घेऊन तिला निर्णयशून्य ठरवणे म्हणजे नाटकातला संवाद सूचनांशिवाय वाचणे.

४

आता तत्त्वांकडे वळू. जगभर शिकवली जाणारी सात तत्त्वे फेलिक्स बीस्टेक यांच्या १९५७च्या पुस्तकातली आहेत. हे शिकागोच्या लोयोला विद्यापीठातले जेझुइट धर्मगुरू. व्यक्तीला वेगळी व्यक्ती म्हणून पाहणे, भावना व्यक्त होऊ देणे, स्वतःची भावनिक गुंतवणूक आवरती ठेवणे, स्वीकार, निवाडा न करणे, स्वयंनिर्णय आणि गोपनीयता. पुस्तक छोटे, नितळ आणि नेमके आहे. म्हणूनच बहुधा ते पाठांतराच्या तावडीत सापडले.

वरच्या उताऱ्यावर ही तत्त्वे लावून पाहावीत. ‘दुर्लक्ष’ हा शब्द लिहिला त्या क्षणी निवाडा झाला, मग विद्यार्थिनीचा चेहरा कितीही प्रेमळ असो. ‘वैवाहिक विसंवाद’ लिहिताच ती बाई एका वर्गात गेली, वेगळी व्यक्ती उरली नाही. ‘निर्णय घेऊ शकत नाही’ असे लिहिले आणि स्वयंनिर्णयाची वाट तिथेच बंद झाली, कारण पुढचा कार्यकर्ता बाईला भेटण्याआधी ही नोंद वाचणार. तत्त्वे वर्तनात पाळायची असतात असे सर्वांना शिकवले जाते. ती आधी क्रियापदांत पाळावी लागतात, हे शिकवायचे राहते.

बीस्टेक यांच्याच वर्षी, शिकागोमधूनच, हेलन हॅरिस पर्लमन यांचे पुस्तक आले. त्यांची पहिली पदवी इंग्रजी साहित्यातली, आणि ते त्यांच्या गद्यात जाणवते. व्यक्ती, समस्या, स्थान आणि प्रक्रिया अशी चौकट त्यांनी दिली. ही चौकट आपल्या वर्गांत सर्रास शिकवतात, पण तिच्यातल्या ‘स्थान’ या शब्दाची खोच नजरेआड होते. पर्लमन यांना स्थान म्हणजे माणूस मदतीसाठी जिथे येतो ती संस्था अभिप्रेत आहे. म्हणजे खिडकी, रांग, केसपेपर, पंख्याखाली बसलेली ताई. संस्थेची रीत आणि तिच्या मर्यादा यांनी बाईचे बोलणे घडते. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य ती घरी म्हणेलच असे नाही, रुग्णालयात म्हणते. ‘स्थान’ नीट वाचले असते तर चौथे वाक्य लिहिताना हात थांबला असता.

५

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. एका बाईच्या एका वाक्याचा इतका कीस काढून काय मिळणार? तिचा क्षय कोंदट खोलीतून, अपुऱ्या अन्नातून आणि बुडणाऱ्या रोजातून आला आहे. व्यक्तिसहाय्य कार्य माणसाला परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकवते, परिस्थिती बदलत नाही. त्यात जात तर दिसतच नाही. ही टीका आपल्याकडे व्यवसायाच्या आतूनही झाली आहे. मा. स. गोरे यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञाने या शिक्षणाची भारतीय समाजाशी सांगड घालण्याचा विचार १९६५च्या आपल्या पुस्तकात मांडला. पुढे त्यांनी शिंदे आणि आंबेडकर यांच्या विचारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले, यालाही अर्थ आहे. नंतरच्या काळात दलित-आदिवासी दृष्टीने समाजकार्याची फेरमांडणी करणारे अध्यापक पुढे आले.

आक्षेप मला मान्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. आता शेफील्ड यांचा दुसरा हेतू आठवावा : अनेक नोंदींतून समाजाची दिशा. शंभर नोंदींत ‘दुर्लक्ष’ लिहिलेले असेल तर बेरीज काय येईल? बायका आरोग्याबाबत बेफिकीर आहेत, ही. उपाय काय निघेल? जनजागृती शिबिर. त्याच शंभर नोंदींत ‘खाडा’ आणि ‘रोज बुडतो’ हे शब्द राहिले असतील तर बेरीज वेगळी येईल : बाह्यरुग्ण विभागाची वेळ कामाच्या वेळेशी भिडते, आजारपणाची भरपगारी रजा यांना नाही. मग मागणी संध्याकाळच्या ओपीडीची होईल, मजुरीची होईल. म्हणजे समाजरचनेचा प्रश्न वहीबाहेर आहे असे नाही. तो त्या बाईच्या शब्दांतच होता. लिहिताना बाहेर टाकला गेला.

नागपाड्याच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या गल्ल्यांतून १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्या वस्तीत आणि त्या भाषेत आपण परके आहोत हे तेंडुलकर तिथे लपवत नाहीत. पांढरपेशा माणसाने वस्तीत जाऊन लिहिलेली क्षेत्रनोंद म्हणून ती प्रस्तावना वाचून पाहावी, अशी माझी सूचना आहे. ‘मला हा शब्द कळला नाही’ असे म्हणण्याची जी तयारी तिच्यात आहे, ती समाजकार्याच्या पहिल्या सत्रात शिकवण्याजोगी गोष्ट आहे.

६

मग नोंदी मराठीत लिहिल्या की झाले, असे कोणाला वाटेल. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या समाजकार्य महाविद्यालयांत मराठीतून शिकणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि ती मोठी जमेची बाजू आहे. पण आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीने वेगळीच अडचण केली आहे. ‘सेवार्थीने उपचारांबाबत उदासीनता दर्शविली, तिच्या समायोजनात अडथळे आढळून येतात.’ हे मराठीच आहे, आणि इंग्रजी वाक्याइतकेच त्या बाईपासून दूर आहे. ‘दर्शविली’, ‘आढळून येतात’ ही कर्ता लपवणारी क्रियापदे सरकारी कागदाची आहेत. तेव्हा भाषा कोणती हा एकच प्रश्न नाही. त्या भाषेतली कोणती बोली, हाही आहे.

संबोधनाचेही तसेच. इंग्रजी ‘क्लायंट’साठी आधी ‘अशील’ होता, तो कोर्टातला. मग ‘सेवार्थी’ आला. तो सेवा मागणारा, हात पुढे केलेला. आता सगळीकडे ‘लाभार्थी’ आहे. तो योजनेच्या यादीतला. शब्द बदलत गेला तसा माणूस आकसत गेला. आज अनेक ठिकाणी लांब नोंदीची जागा ठरावीक रकान्यांच्या अर्जाने घेतली आहे : समस्या, केलेली मदत, शेरा. रकाने भरायला वेळ कमी लागतो आणि कामाचा बोजा खरा आहे, हे मला कळते. नोकरीत रकाने भरावेच लागतील. पण म्हणूनच शिकण्याच्या दोन वर्षांत लांब नोंद टिकायला हवी. ज्याने एकदा ‘अंगावर काढलं’ पूर्ण लिहिले आहे, त्याला पुढे रकान्यात ‘दुर्लक्ष’ लिहिताना निदान खटकेल.

या लेखनाची टीका करणे अवघड आहे, कारण ते कधीच छापले जाणार नाही. गोपनीयता हे तत्त्वच तशी आज्ञा करते, आणि ती रास्त आहे. विद्यार्थी लिहितो, मार्गदर्शक वाचतो, वही बंद होते. या गद्याला एकच वाचक आणि एकच समीक्षक. त्यामुळे सगळी भिस्त त्या समासातल्या पेन्सिलीवर आहे. तिच्याकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. नोंद कोणत्याही भाषेत असो, माणसाचे कळीचे शब्द तो ज्या बोलीत बोलला त्याच बोलीत, अवतरणात राहू द्यावेत. मराठी असतील तर इंग्रजी नोंदीतही देवनागरीत. आणि सत्राच्या शेवटी नाव-गाव, ओळख काढून टाकून वर्गाने अशा शब्दांची एक यादी करावी : अंगावर काढणे, नांदवणे, खाडा, बाहेरचं झालंय, डोकं फिरतं, हात उचलतो, जिवाला घोर लागला. दहा वर्षांत एका महाविद्यालयाकडे जो कोश तयार होईल तो कोशकारांना, कादंबरीकारांना आणि धोरण आखणाऱ्यांना सारखाच उपयोगी पडेल.

फ्लेक्सनर म्हणाले होते की समाजकार्यकर्ता मध्यस्थ आहे, त्याच्याकडे स्वतःचे तंत्र नाही. शंभर वर्षे हा व्यवसाय त्यांना खोटे पाडण्यासाठी तंत्रे जमवतो आहे. मला वाटते, त्यांच्या म्हणण्यातला पहिला भाग मान्य करून दुसरा नाकारावा. हो, तो मध्यस्थ आहे. एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेल असे पोचवणारा दुभाषा आहे. पण दुभाष्याकडे तंत्र नसते असे ज्याने कधी भाषांतर करून पाहिले नाही तोच म्हणेल. विद्यार्थिनीच्या वहीत ‘दुर्लक्ष’ या शब्दाखाली रेघ मारून मार्गदर्शकाने समासात “ती नेमकं काय म्हणाली?” एवढेच लिहिले, तर त्या दिवशीचे शिकवणे पुरेसे झाले.